ट्रॅक्टरचलित रोटरी कटर

रोटरी कटर हे ट्रॅक्टरच्या मागे जोडून चालवण्याचे, गवत, तण, झुडपे व पिकांचे उभे अवशेष कापणारे अवजार आहे. जाड पत्र्याच्या छताखाली जमिनीला समांतर फिरणारी पाती हे त्याचे मुख्य अंग होय. इंजिनाची शक्ती मागील अवजाराला पुरवणाऱ्या पीटीओ दांड्यावर ही पाती फिरतात. भारत व ऑस्ट्रेलियात हे अवजार ‘स्लॅशर’ या नावाने, तर ब्रिटनमध्ये ‘टॉपर’ या नावाने ओळखले जाते. अमेरिकेत ‘बुश हॉग’ हे एका उत्पादकाचे व्यापारी नाव बोलीभाषेत या प्रकारच्या सर्वच यंत्रांना लावले जाते. नावातील साम्यामुळे रोटरी कटर आणि रोटाव्हेटर यांत गल्लत होते; मात्र रोटाव्हेटर मातीत शिरून मशागत करतो, तर रोटरी कटरची पाती जमिनीला टेकणे अपेक्षित नसते.

सुमारे १५ ते ५० अश्वशक्तीच्या लहान ट्रॅक्टरसाठी रोटरी कटर निवडताना इंजिनाची अश्वशक्ती हा एकच आकडा पुरेसा ठरत नाही. पीटीओवर प्रत्यक्ष मिळणारी शक्ती, ट्रॅक्टरचे वजन, पुढच्या आसावर उरणारा भार, जोडणीचा प्रकार, क्लचची रचना आणि कापायच्या वनस्पतीची जाडी या सर्वांचा एकत्रित विचार करावा लागतो. लहान ट्रॅक्टरच्या बाबतीत शक्ती कमी पडण्याआधीच तोल बिघडण्याची शक्यता बरीच असते.

## इतिहास

रोटरी कटरच्या प्रसाराला दोन पूर्वीचे शोध कारणीभूत ठरले. पहिला शोध पीटीओचा होता. १९२० च्या दशकात अमेरिकेत व्यापारी ट्रॅक्टरांवर पीटीओ बसवला जाऊ लागला आणि त्याची गती व आकार यांचे प्रमाणीकरणही त्याच दशकात सुरू झाले. दर मिनिटाला ५४० फेऱ्या ही गती पुढे जगभर रूढ झाली. दुसरा शोध तीन बिंदूंच्या जोडणीचा. आयर्लंडमध्ये जन्मलेले अभियंते हॅरी फर्ग्युसन यांनी विकसित केलेली ही जोडणी १९३९ मध्ये बाजारात आलेल्या फोर्ड-फर्ग्युसन ‘९एन’ ट्रॅक्टरमुळे मोठ्या प्रमाणावर पसरली. या जोडणीमुळे अवजार हायड्रॉलिक शक्तीने उचलता व टेकवता येऊ लागले.

ट्रॅक्टरवर चालणारी फिरत्या पात्यांची कापणी यंत्रे अमेरिकेत १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात तयार होऊ लागली. इलिनॉय राज्यातील ओरेगन या गावी वूड बंधूंनी सुरू केलेला उद्योग हा त्यांच्या आरंभीच्या उत्पादकांपैकी एक होता. १९५१ मध्ये अलाबामा राज्यातील सेल्मा येथे ‘बुश हॉग’ या नावाने झुडपे कापणाऱ्या यंत्राचे उत्पादन सुरू झाले. पडीक कुरणे, रस्त्याकडेची झाडोरा वाढलेली जमीन आणि कापसाची उभी धाटे साफ करण्यासाठी दक्षिण अमेरिकी संस्थानांत या यंत्रांना मोठी मागणी आली.

लहान ट्रॅक्टरांचा इतिहास वेगळ्या वाटेने जातो. जपानमधील लहान भातखाचरांसाठी बनवलेले ट्रॅक्टर १९६० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत निर्यात होऊ लागले. कुबोता कंपनीचा २१ अश्वशक्तीचा ‘एल २००’ हा ट्रॅक्टर १९६९ मध्ये तेथे विक्रीस आला. थोडी जमीन असलेल्या, शेती हा मुख्य व्यवसाय नसलेल्या ग्राहकांचा एक नवा वर्ग त्यामुळे उभा राहिला आणि त्यांच्यासाठी ४ ते ६ फूट रुंदीचे हलके रोटरी कटर बाजारात आले.

## रचना व कार्य

पीटीओपासून निघालेला दुर्बिणीसारखा लांब-आखूड होणारा शाफ्ट कटरच्या गिअरबॉक्सला जोडलेला असतो. शाफ्टच्या दोन्ही टोकांना असलेल्या क्रॉसमुळे अवजार वर-खाली होत असतानाही फिरती गती पुढे पोहोचते. गिअरबॉक्समध्ये आडवी गती उभ्या अक्षावर वळवली जाते आणि फेऱ्यांची संख्याही वाढवली जाते.

उभ्या दांड्याच्या खालच्या टोकाला पात्यांचा वाहक बसवलेला असतो. हा वाहक साध्या पट्टीचा किंवा बशीच्या आकाराचा असतो. बशीसारखा वाहक बुंध्यावर किंवा दगडावर आपटल्यास त्यावरून घसरत पुढे जातो आणि दांड्याला बसणारा धक्का कमी होतो. पाती वाहकाला घट्ट जखडलेली नसून जाड बोल्टभोवती मोकळी फिरणारी असतात. यंत्र सुरू असताना केंद्रोत्सारी प्रभावामुळे ती बाहेरच्या दिशेने ताणलेली राहतात. कठीण वस्तूचा अडथळा आला की पाते मागे झुकते.

हिरवळीच्या कापणी यंत्राप्रमाणे रोटरी कटरची पाती धारदार नसतात. त्यांची कड बोथट व जाड ठेवलेली असते, कारण येथे काम धारेपेक्षा आघाताने होते. कोयत्याच्या जोरकस घावाशी त्याची तुलना करता येईल. म्हणूनच पात्याच्या टोकाची गती हा कापणीचा निर्णायक घटक ठरतो. ५ फुटी कटरमध्ये गिअरबॉक्सचे गुणोत्तर १:१.४७ असल्यास ५४० फेऱ्यांच्या पीटीओवर पाती मिनिटाला सुमारे ७९४ वेळा फिरतात आणि टोकाची गती सेकंदाला साधारण ६३ मीटर, म्हणजे ताशी सुमारे २२८ किलोमीटर होते. ४ फुटी कटरचे पाते लहान वर्तुळात फिरत असल्याने तेवढीच गती मिळवण्यासाठी त्याला अधिक फेऱ्या लागतात. म्हणून लहान यंत्रांत १:१.९३ सारखे गुणोत्तर आढळते. त्यात टोकाची गती सेकंदाला सुमारे ६६ मीटर होते.

आघाताची ऊर्जा गतीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. इंजिनाच्या फेऱ्या ठरलेल्या पातळीच्या ७० टक्क्यांवर आणल्यास पात्यांची ऊर्जा निम्म्यावर येते. इंधन वाचवण्यासाठी कमी फेऱ्यांवर कटर चालवल्यास गवत कापले न जाता वाकते, छताखाली गोळा होते आणि गिअरबॉक्सवर उलट अधिक ताण पडतो. दाट गवतात इंजिनाच्या फेऱ्या कायम ठेवून खालचा गिअर टाकणे हा योग्य उपाय समजला जातो.

छताच्या दोन्ही बाजूंना जमिनीवर घसरणाऱ्या पट्ट्या आणि मागे उंची ठरवणारे एक चाक असते. पुढे व मागे साखळ्यांचे किंवा रबराचे पडदे लावलेले असतात. पात्यांनी उडवलेले दगड, काटक्या व तारेचे तुकडे अडवणे हे त्यांचे काम होय.

## निवडीचे निकष

### पीटीओची शक्ती व कापणीची रुंदी

जाहिरातीत ठळकपणे दिलेली अश्वशक्ती इंजिनाची असते. पीटीओपर्यंत पोहोचेपर्यंत तिचा काही भाग गिअर, पंप व घर्षणात खर्ची पडतो. अनेक ट्रॅक्टरांत इंजिनाच्या सुमारे ८० ते ९० टक्के शक्ती पीटीओवर मिळते. लहान ट्रॅक्टरांत हे प्रमाण याहूनही कमी असू शकते. भारतात विकल्या जाणाऱ्या ट्रॅक्टरांची चाचणी मध्य प्रदेशातील बुदनी येथील केंद्रीय कृषी यंत्र प्रशिक्षण व चाचणी संस्थेत होते आणि तिच्या अहवालात पीटीओची मोजलेली शक्ती दिलेली असते. कटर निवडताना हाच आकडा विचारात घेणे आवश्यक असते.

कापणीच्या प्रत्येक फुटामागे पीटीओवर ५ अश्वशक्ती असावी, असा एक व्यावहारिक संकेत आहे. पातळ गवतासाठी यापेक्षा थोडी कमी, तर झुडपांसाठी अधिक शक्ती लागते.

| पीटीओवरील शक्ती | योग्य रुंदी |
|---|---|
| १२ ते १५ अश्वशक्ती | सुमारे ३ फूट |
| १६ ते २० अश्वशक्ती | ४ फूट |
| २१ ते २८ अश्वशक्ती | ५ फूट |
| ३० अश्वशक्ती व अधिक | ६ फूट |

या संकेताप्रमाणे इंजिनाची २४ अश्वशक्ती असलेला ट्रॅक्टर ५ फुटी नव्हे, तर ४ फुटी कटरसाठी योग्य ठरू शकतो. रुंद यंत्रामुळे वाचणारा वेळही वाटतो तितका मोठा नसतो. ताशी ४ किलोमीटर वेग आणि वळणे व पट्ट्यांच्या आच्छादनासाठी २० टक्के घट धरली, तर ४ फुटी कटर तासाला सुमारे ३९ गुंठे आणि ५ फुटी कटर सुमारे ४८ गुंठे क्षेत्र कापतो. १० एकरांमागे हा फरक साधारण दोन तासांचा होतो. पण शक्ती कमी पडून वेग घटवावा लागला, तर हाही लाभ उरत नाही.

रुंदीची खालची मर्यादा ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवरून ठरते. कटर दोन्ही चाकांच्या बाहेरील कडांइतका तरी रुंद असावा. अन्यथा चाकाखाली दबलेले गवत न कापता मागे राहते.

### वजन व तोल

रोटरी कटर लांब असतो आणि त्याचा गुरुत्वमध्य मागच्या आसापासून बराच मागे असतो. तो उचलताच ट्रॅक्टरच्या पुढच्या आसावरचा भार कमी होतो. स्टिअरिंगवर ताबा राहण्यासाठी ट्रॅक्टरच्या वजनाच्या किमान २० टक्के भार पुढच्या आसावर उरावा, असा सर्वमान्य नियम आहे.

उदाहरणार्थ, ८०० किलो वजनाच्या, दोन आसांमध्ये १.५ मीटर अंतर असलेल्या ट्रॅक्टरच्या पुढच्या आसावर ३२० किलो भार आहे असे मानू. २०० किलोचा ४ फुटी कटर उचलला आणि त्याचा गुरुत्वमध्य मागच्या आसापासून १.६ मीटरवर असला, तर पुढच्या आसावरील भार सुमारे २१३ किलोंनी घटून १०७ किलो उरतो. आवश्यक भार १६० किलो असल्याने पुढील आसाच्या ०.४ मीटर पुढे सुमारे ४५ किलोंची वजने लावावी लागतील. त्याच ट्रॅक्टरला २६० किलोचा, १.७५ मीटरवर गुरुत्वमध्य असलेला ५ फुटी कटर लावल्यास पुढच्या आसावर केवळ १७ किलोंच्या आसपास भार राहतो. असा ट्रॅक्टर बांध ओलांडताना किंवा चढावर पुढून उचलला जाऊ शकतो. तोलाची भरपाई करण्यास ११० किलोंहून अधिक वजने लावावी लागतील आणि पुढची चौकट तेवढा भार पेलण्याजोगी आहे की नाही, हेही पाहावे लागेल.

हायड्रॉलिक लिफ्टची क्षमता माहितीपत्रकात अनेकदा खालच्या दांड्यांच्या टोकाशी मोजलेली असते. गुरुत्वमध्य त्याहून मागे असलेल्या कटरसाठी प्रत्यक्ष क्षमता कमी भरते.

### जोडणी

तीन बिंदूंच्या जोडणीचे आकारमानानुसार प्रकार ठरलेले आहेत. लहान ट्रॅक्टरांत बहुधा पहिला प्रकार असतो; त्यात खालच्या पिनेचा व्यास २२ मिलिमीटर आणि वरच्या पिनेचा १९ मिलिमीटर असतो. दुसऱ्या प्रकारात खालची पिन २८ मिलिमीटरची असते. अगदी लहान ट्रॅक्टरांत पहिल्या प्रकाराचीच, पण दोन दांड्यांमधील अंतर कमी असलेली अरुंद जोडणी आढळते. पिनेचा व्यास बुश बसवून जुळवता येतो. दांड्यांमधील अंतर मात्र सहज बदलता येत नाही. ५४० फेऱ्यांच्या पीटीओ दांड्याचा प्रमाणित व्यास ३५ मिलिमीटर असून त्याला सहा खाचा असतात.

कटरसोबत मिळणारा शाफ्ट सर्वच ट्रॅक्टरांना जसाच्या तसा बसत नाही. तो लांब असल्यास कटर उचलताना दोन्ही टोके एकमेकांवर दाबली जाऊन पीटीओचे बेअरिंग किंवा गिअरबॉक्स फुटू शकतो. आखूड असल्यास दोन नळ्या एकमेकींतून निसटतात. कटर सर्व उंचींवर हाताने तपासून शाफ्ट मापात कापून घ्यावा लागतो. काम करताना दोन नळ्या लांबीच्या किमान एकतृतीयांश एकमेकींत असाव्यात आणि सर्वांत आखूड स्थितीतही टोकाशी काही सेंटिमीटर मोकळी जागा राहावी.

### क्लचचा प्रकार

जुन्या आणि काही स्वस्त लहान ट्रॅक्टरांत चाके व पीटीओ या दोहोंसाठी एकच क्लच असतो. अशा ट्रॅक्टरात क्लच दाबल्यावर इंजिन सुटे होते, पण पीटीओ आणि चाके गिअरबॉक्समधून एकमेकांशी जोडलेलीच राहतात. वेगाने फिरणारी जड पाती मोठ्या चक्राप्रमाणे आपली ऊर्जा उलट दिशेने चाकांना देतात आणि क्लच दाबूनही ट्रॅक्टर पुढे सरकत राहतो. फोर्डच्या ‘एन’ मालिकेतील ट्रॅक्टरांमुळे हा धोका अमेरिकेत सर्वपरिचित झाला. कुंपण, विहीर किंवा उताराच्या कडेशी काम करताना तो प्राणघातक ठरू शकतो.

पीटीओ दांड्यावर एकाच दिशेने शक्ती जाऊ देणारा ओव्हररनिंग क्लच बसवणे हा यावरील उपाय आहे. सायकलच्या फ्रीव्हीलप्रमाणे तो काम करतो. तो बसवल्यावर काही सेंटिमीटर लांबी वाढत असल्याने शाफ्ट पुन्हा मापात घ्यावा लागतो. दुहेरी क्लच किंवा स्वतंत्र पीटीओ असलेल्या ट्रॅक्टरात ही समस्या उद्भवत नाही. कॅनडातील कॉकशट कंपनीने १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘३०’ या ट्रॅक्टरात चाके थांबल्यावरही चालू राहणारा पीटीओ दिला. पुढे ही सोय सर्वत्र रूढ झाली.

### धक्क्यापासून संरक्षण

पाती खुंटावर अडकल्यास शाफ्ट, गिअरबॉक्स व ट्रॅक्टरचा पीटीओ यांना वाचवण्यासाठी दोन पद्धती वापरल्या जातात. पहिलीत शिअर बोल्ट असतो. ठरलेल्या ताणाला तो तुटतो आणि शक्ती खंडित होते. तो स्वस्त व सोपा आहे. मात्र त्याच्या जागी अधिक कडक पोलादाचा बोल्ट घातल्यास संरक्षण नाहीसे होते आणि पुढचा धक्का थेट गिअरबॉक्सला बसतो. दुसऱ्या पद्धतीत घर्षणाच्या चकत्या असलेला स्लिप क्लच असतो. जास्त ताण आल्यावर तो घसरतो व पुन्हा पकडतो. खडकाळ किंवा खुंटांच्या जमिनीत वारंवार बोल्ट बदलण्यापेक्षा तो सोयीचा ठरतो. पावसाळ्यात उघड्यावर राहिल्यास त्याच्या चकत्या गंजून चिकटतात आणि तो घसरेनासा होतो. त्यामुळे हंगामाच्या आरंभी त्याचे स्प्रिंग सैल करून, थोडा वेळ घसरवून, ते पुन्हा ठरलेल्या मापाने आवळावे लागतात.

### वनस्पती व जमीन

उत्पादक कटरची वर्गवारी कापता येणाऱ्या खोडाच्या जाडीवरून करतात. हलक्या वर्गातील यंत्रे साधारण २.५ सेंटिमीटर, मध्यम वर्गातील ५ सेंटिमीटर आणि जड वर्गातील ७.५ सेंटिमीटर किंवा अधिक जाडीपर्यंतची खोडे कापतात. जड वर्गाचे यंत्र लहान ट्रॅक्टरला बहुधा पेलत नाही. त्यामुळे जाड झुडपे आधी माणसांकडून तोडून घेणे आणि त्यानंतरच्या वाढीसाठी हलका कटर वापरणे, ही पद्धत लहान क्षेत्रात अधिक परवडते. गिअरबॉक्सची मान्य शक्ती ट्रॅक्टरच्या पीटीओ शक्तीपेक्षा कमी असू नये.

## पर्यायी अवजारे

रोटरी कटर गवत व धाटे ओबडधोबड कापतो आणि कापलेले गवत ओळीत किंवा झुबक्यांत टाकतो. सर्व कामांसाठी तो योग्य नाही.

* फ्लेल मोवर किंवा मल्चर: आडव्या रुळावर अनेक लहान पाती असतात. अवशेषांचे बारीक तुकडे होतात, यंत्र ट्रॅक्टरच्या जवळ बसत असल्याने तोल कमी बिघडतो आणि दगड उडण्याचे प्रमाणही कमी असते. किंमत व देखभालीचा खर्च अधिक असतो.
* कात्री पद्धतीचे कापणी यंत्र: मागेपुढे सरकणाऱ्या पात्यांनी चारा अखंड कापला जातो. वैरण गोळा करायची असल्यास हेच यंत्र उपयुक्त आहे. रोटरी कटरमध्ये चाऱ्याचे तुकडे होऊन त्यात माती मिसळते.
* पाठीवरचा ब्रश कटर: तीव्र उतार, झाडांचे बुंधे आणि बांध यांसाठी योग्य.

## महाराष्ट्रातील वापर

महाराष्ट्रात लहान ट्रॅक्टरांचा वापर प्रामुख्याने फळबागांत आढळतो. नाशिक, सांगली व सोलापूर जिल्ह्यांतील द्राक्षबागांत फवारणी व आंतरमशागतीसाठी कमी रुंदीचे ट्रॅक्टर चालतात. दोन ओळींमधील अंतर बहुधा ८ ते १० फूट असल्याने आणि मांडवाचे खांब, तारा व झुकलेल्या फांद्या यांसाठी जागा सोडावी लागत असल्याने तेथे ४ फुटी कटर सोयीचा ठरतो. ओळींमधील गवत मुळासकट न काढता कापून तेथेच आच्छादन म्हणून ठेवल्यास जमिनीची धूप कमी होते व ओलावा टिकतो. ठिबक सिंचनाच्या नळ्या पात्यांच्या मार्गात आल्यास क्षणार्धात तुटतात व शाफ्टला गुंडाळल्या जातात; त्यामुळे कापणीपूर्वी त्या झाडांच्या ओळीत सरकवणे किंवा तारेवर उचलून बांधणे गरजेचे असते.

विदर्भ व मराठवाड्यात कापसाच्या पऱ्हाट्या कापण्यासाठी ट्रॅक्टरचलित यंत्रे वापरली जातात. गुलाबी बोंडअळीच्या अळ्या उरलेल्या बोंडांत व सरकीत सुप्तावस्थेत राहतात. २०१७ च्या हंगामात राज्यात या किडीचा तीव्र प्रादुर्भाव झाल्यानंतर पऱ्हाट्यांची वेळेवर विल्हेवाट लावण्यावर भर देण्यात आला. साध्या रोटरी कटरने पऱ्हाट्यांचे मोठे तुकडे होतात, किडकी बोंडे शाबूत राहू शकतात आणि बुडखे जमिनीतच उरतात. या कामासाठी बारीक कुट्टी करणारे श्रेडर आणि त्यानंतरची मशागत अधिक उपयुक्त ठरते. उसाच्या पाचटासाठीही कुट्टी यंत्रच वापरले जाते.

कोकणातील आंबा व काजूच्या बागांत पावसाळ्यानंतर माजलेले गवत वणव्याचे मोठे कारण ठरते. गवत थोडे ओले असतानाच, म्हणजे पावसाळा संपतासंपता कापणे श्रेयस्कर असते. पूर्ण वाळलेल्या गवतात पाते जांभ्या दगडावर आपटून उडालेली ठिणगी स्वतःच आग लावू शकते. उघड्या कातळावर आणि पायऱ्यांच्या उतारावर रोटरी कटरऐवजी ब्रश कटरचा वापर केला जातो.

केंद्र सरकारच्या २०१४-१५ मध्ये सुरू झालेल्या कृषी यांत्रिकीकरण उप-अभियानाखाली अवजारांच्या खरेदीसाठी अनुदान दिले जाते. महाराष्ट्रात त्याचे अर्ज ‘महाडीबीटी’ या संकेतस्थळावर स्वीकारले जातात. याच अभियानातून अवजारे भाड्याने देणाऱ्या अवजार बँकांनाही साहाय्य मिळते. वर्षातून एकदोनदाच कापणी करणाऱ्या अल्पभूधारकाला यंत्र विकत घेण्यापेक्षा भाड्याने आणणे अधिक परवडू शकते.

## सुरक्षितता

पीटीओ शाफ्ट सेकंदाला ९ वेळा फिरतो. ७ सेंटिमीटर व्यासाच्या शाफ्टमध्ये अडकलेले कापड सेकंदाला सुमारे २ मीटर वेगाने ओढले जाते. पदर, उपरणे, धोतराचा सोगा किंवा सैल बाही अडकल्यास माणसाला सुटण्यास अवधीच मिळत नाही. शाफ्टवरील प्लॅस्टिकचे आवरण शाबूत असणे आणि ते साखळीने बांधलेले असणे हे यावरील मूलभूत संरक्षण होय. इंजिन बंद करून किल्ली काढल्याशिवाय शाफ्टजवळ जाऊ नये.

पात्यांनी उडवलेली वस्तू दूरवर जाऊ शकते. अनेक उत्पादकांच्या पुस्तिकांत सुमारे ९० मीटरच्या परिसरात कोणीही नसावे अशी सूचना असते. साखळ्यांचे पडदे काढून यंत्र चालवल्यास हा धोका अनेक पटींनी वाढतो. कापणीपूर्वी शेतातून पायी फिरून दगड, तारा, बाटल्या व खड्डे पाहून ठेवावे लागतात. उंच गवतात लपलेली उघडी विहीर किंवा चर हा चालकासाठी सर्वांत गंभीर धोका असतो.

मडगार्डवर किंवा कटरवर बसवून माणसे, विशेषतः मुले, नेल्याने गंभीर अपघात होतात. मागे पडलेली व्यक्ती थेट पात्यांखाली जाते. उतारावर आडवे न चालता वर-खाली चालणे आणि वळताना कटर शक्य तितका खाली ठेवणे सुरक्षित असते. उलटल्यास चालकाला वाचवणारी चौकट ट्रॅक्टरला असल्यास आसनपट्टाही बांधणे आवश्यक असते. बागेत फांद्यांमुळे दुमडलेली चौकट मोकळ्या जागेत आल्यावर पुन्हा उभी करावी लागते.

पीटीओ बंद केल्यानंतरही पाती काही काळ फिरत राहतात. पात्यांची पाहणी करताना कटर केवळ हायड्रॉलिकवर उचलून त्याखाली जाणे जिवावर बेतू शकते; तेलाची नळी फुटल्यास किंवा लिव्हरला धक्का लागल्यास कटर तत्काळ खाली येतो. त्याखाली भक्कम लाकडी ठोकळे लावणे अनिवार्य आहे.

## देखभाल व जुन्या यंत्राची पारख

गिअरबॉक्समधील तेलाची पातळी दर वापरापूर्वी तपासली जाते. त्यात बहुधा ९० क्रमांकाचे गिअर ऑइल वापरतात. शाफ्टचे क्रॉस, नळ्या आणि मागचे चाक यांना नियमितपणे ग्रीस द्यावे लागते. पात्यांचे बोल्ट पहिल्या काही तासांच्या कामानंतर पुन्हा आवळणे आवश्यक असते. पाती नेहमी जोडीने बदलतात, कारण दोन पात्यांच्या वजनात फरक पडल्यास यंत्र थरथरते आणि गिअरबॉक्सचे बेअरिंग खराब होते. पात्यांना कानस किंवा ग्राइंडर लावताना धार अगदी पातळ करत नाहीत. पातळ धार पहिल्याच दगडाला मोडते.

जुने यंत्र घेताना रंगापेक्षा काही ठरावीक जागा पाहणे महत्त्वाचे असते. गिअरबॉक्सच्या खालच्या सीलमधून तेल गळत असल्यास त्याभोवती तार गुंडाळली गेली असण्याची शक्यता असते. वाहक हाताने वर-खाली हलत असल्यास बेअरिंग झिजलेले असते. छतावर गिअरबॉक्सच्या पायथ्याशी पडलेल्या भेगा, वेल्डिंगचे जुने थर, बोल्टसाठी लांबट झालेली भोके आणि शिअर बोल्टच्या जागी बसवलेला साधा कडक बोल्ट या खुणांवरून यंत्र त्याच्या कुवतीबाहेर वापरले गेले होते असे समजते. शाफ्टचे आवरण गहाळ असल्यास नव्या आवरणाचा खर्च यंत्राच्या किमतीतच धरावा लागतो.